दारातली भाकर आणि न गेलेली लाईट

त्या दिवशी लाईट गेली नव्हती. मी खोटं बोललो होतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण शेवटी लिहायचं ठरवलं तर मी टाळाटाळ करीन. माझा स्वभाव मला माहीत आहे.

सेलूजवळच्या वालूरला माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. वय पंचेचाळिशीच्या पुढे. तारेत करंट असतो किंवा नसतो, तिसरं काही नसतं — माझी सगळी श्रद्धा एवढ्यात आटोपते. गूढ अनुभवांच्या या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते हसण्यासाठी. चिंचेखाली उभी असलेली बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... "व्होल्टेज कमी पडलं असेल," असं मी बायकोला म्हणायचो. आता माझ्यावर पाळी आली आहे, आणि माझ्या गोष्टीत चिंचसुद्धा नाही. टीव्ही आहे, त्याला जोडलेलं गेमिंगचं मशीन आहे आणि भाकर आहे.

हो, या वयात मी व्हिडिओ गेम खेळतो. तलवारी, जादू, राक्षस, राज्यं — ज्यात आपण एक पात्र होऊन महिनोन्‌महिने त्या जगात फिरतो, ते खेळ. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. कूलर लावायचा आणि खेळायचं. गावात लोक हसतात, हसू देत. इतकी वर्षं खेळल्यावर माझी काही मतं झाली आहेत, ती प्रामाणिकपणे सांगतो, कारण पुढचं सगळं त्या मतांमुळेच घडलं.

घोड्याची आयाळ वाऱ्यावर कशी उडते यावर मी कधी भुललो नाही. आयाळ उडते, पण गावातली माणसं तीच दोन वाक्यं बोलत राहतात. नकाशाभर खुणा पेरल्या म्हणजे जग मोठं होत नाही, फक्त कामं वाढतात. आतल्या आत खरे पैसे घेऊन तलवारी विकणारे खेळ तर मी मशीनमध्ये ठेवतच नाही. आणि लांबलचक संवाद... ते मी बटण दाबून पळवायचो. राजा त्याच्या आजोबांची कहाणी सांगायला लागला की माझा अंगठा बटणावर. खेळ म्हणजे जिंकणं. दणकट चिलखत, जड तलवार, सरळ रस्ता. हे माझं मत होतं. "होतं" लिहिलंय, लक्षात ठेवा.

माझी मुलगी मुक्ता नेमकी उलटी. मी खेळायचो त्यातलाच एक खेळ ती वेगळाच खेळायची. त्या खेळाचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात नको. त्यात एक मोठी दलदल आहे, तिच्या पलीकडे डोंगर आणि डोंगराच्या पोटात एक आंधळा अजगर. तो मारला की खेळ संपला. मुक्ताला अजगराची घाई नव्हती. ती गावोगाव हिंडायची, प्रत्येकाशी बोलायची आणि निघताना प्रत्येक दारात पिशवीतला एक गोल पाव टाकायची, त्यावर एक कांदा. पाव आधी, कांदा बरोबर वर. तो तसा बसेपर्यंत ती पुढे-मागे सरकत राहायची. तिच्या भाषेत ती भाकर.

"अगं, काय अन्नछत्र चालवायलीस का?" मी म्हणालो होतो. "पॉइंट मिळतेत का त्याचे?"

"न्हाई मिळत."

"मंग कशाला?"

"पप्पा, ही माणसं दिसभर दारात उभी राहतेत. कुणी जेवलास का म्हणून विचारत नाई त्यांना."

तिचं आजोळ लातूरकडचं. तिकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवतात. तिथून आलं असावं हे. मी त्यावर खूप हसलो होतो.

मग तिचा बारावीचा निकाल लागला. मार्क मनासारखे नव्हते. नातेवाइकांचे फोन आले, टोमणे आले. मी तणतणत घरी आलो आणि मशीन लावलं. या खेळात एका वेळी एकच खेळ साठवता येतो, आणि मी माझा दलदलीत अडकून सोडून दिल्यापासून तिथे मुक्ताचा खेळ होता, दोन वर्षं जपलेला. मी 'नवीन खेळ' दाबलं. पडद्यावर प्रश्न आला — जुनी नोंद पुसली जाईल. नक्की?

मी 'हो' म्हणालो. पूर्ण शुद्धीत.

संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा सांगितलं, "लाईट गेली होती माय, इन्व्हर्टर ट्रिप झाला. सगळं उडालं." तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "असू द्या पप्पा," म्हणाली, आणि त्यानंतर त्या मशीनला तिनं हात लावला नाही. पुढे नांदेडला कॉलेजच्या होस्टेलवर गेली. फोनवर आमचं बोलणं "जेवलीस का", "हो", "मम्मीला देऊ का", "द्या" एवढ्यावर आलं. तुम्हाला मुली असतील तर एवढ्याशा बोलण्यातलं अंतर किती लांब असतं ते कळेल.

आता अनुभव.

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका रणरणत्या दुपारी, मी माझा तो नवीन खेळ पुन्हा काढला. पहिल्याच गावात लोहाराच्या दारात एक पाव होता. त्यावर कांदा. बरोबर मधोमध.

मला वाटलं, कंपनीवाल्यांनीच ठेवला असेल. सवयीप्रमाणे उचलला आणि बाजारात विकला. दुसऱ्या दिवशी लोहाराच्या दारात पुन्हा पाव, पुन्हा कांदा. शेजारच्या दारात पण. पुढच्या गावात, जिथे माझं पात्र कधी गेलंच नव्हतं, तिथे प्रत्येक दारात!

वाचकहो, मी वायरिंगचा माणूस आहे, फॉल्ट शोधणं माझं काम. आधी बायकोवर संशय घेतला. ती म्हणाली, "मला त्याचं बटण तरी ठाव हाय का?" मशीन माझ्या खोलीत असतं, इंटरनेट जोडलेलं नाही. मी स्वतः एका दारात पाव टाकून बघितला. गावाबाहेर जाऊन आलो तर गायब. या खेळात खाली टाकलेली वस्तू राहतच नाही. माझी राहिली नाही. तिच्या राहिल्या होत्या.

पूर्णेला माझा मित्र सादिकभाई राहतो, रेल्वेत आहे, तोही असले खेळ खेळतो. त्याला फोटो पाठवला. तो रविवारी स्वतःची डिस्क आणि नोंदी साठवायचं मेमरी कार्ड घेऊनच आला.

"इन्व्हर्टरशेठ, उन्हात डोकं तापलंय तुमचं. घ्या, माझी लावा."

माझी नोंद पुसू नये म्हणून त्याची डिस्क त्याच्याच कार्डावर लावून नवा खेळ सुरू केला. दारं रिकामी. मग माझी नोंद लावली. लोहाराचं दार दिसलं आणि सादिकभाईच्या हातातला चहा हातातच राहिला.

"या अल्ला... किसने रखा ये?"

मी सांगितलं, मुक्ता ठेवायची.

"मंग तिलाच विचारा की! लेक आहे तुमची, गव्हर्नर थोडीच हाय!"

विचारणार कसं? पाव कुठून आले हे विचारायचं तर तिचा खेळ कुठे गेला हे सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, "दिवाळीला येईल तेव्हा बघू." जाताना सादिकभाईनं टीव्हीकडे पाठ न करता, तोंड तिकडेच ठेवून चपला घातल्या, एवढं मला आठवतंय.

मग मी दलदलीपाशी आलो. ही दलदल मला कधीच पार करता आली नव्हती. पाय कुठे ठेवावा कळत नाही, चुकलं की बुडालो. चिखलात उभा राहून समोर बघतो तर थोड्या अंतरावर पाव आणि कांदा. तिथे गेलो. जमीन टणक. पुढे अजून एक. अजून एक... मी मोठ्यानं हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ज्या चिखलानं मला वर्षानुवर्षं गिळलं, त्यातून मी भाकरीमागून भाकर बघत चाललो होतो!

वाट एका खोपटाशी पोचली. आत एक म्हातारी नावाडीण. ती बोलायला लागली आणि अंगठा आपोआप बटणावर गेला. मी तो मागे घेतला. पहिल्यांदाच कुणाचं तरी सगळं ऐकलं. ती म्हणाली, डोंगरातल्याला दिसत नाही, पण लोखंडाची भाषा त्याला फार लवकर कळते. मला काही उमगलं नाही. तिनं नावेचा एक जुना बांबू दिला. मी तो विकायच्या सामानात टाकला. सवय जात नाही हो.

डोंगराच्या दाराशी शेवटचे पाव होते. इथे दोन होते, शेजारी शेजारी. मी एकटा आत गेलो नाही. मशीन बंद केलं ते दिवाळीपर्यंत.

मुक्ता आली. सेलूच्या स्टेशनवरून मीच तिला घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, बायको बेसन भाजत असताना, मी म्हणालो, "जरा बसतीस का माझ्याजवळ? एक दाखवायचंय."

ती बसली. मी मशीन लावलं, तशी ते दोन पाव बघून ती पडद्याजवळ सरकली.

"हे तुमी ठेवलेत?"

"न्हाई. माझे तर टिकतच नाईत."

"मंग कोण?"

"तेच मला कळंना झालंय."

मी कंट्रोलर तिच्या हातात दिला. तिनं आधी पिशवी उघडली. "किती कचरा गोळा केलाव पप्पा! भंगारचं दुकान टाकायचंय का?" कितीतरी महिन्यांनी ती मला चिडवत होती. मी म्हातारीचं बोलणं सांगितलं. तिनं ते स्वतःशी एकदा म्हटलं आणि सरळ चिलखत उतरवायला लागली.

"अगं, अगं! काय करायलीस? मरशील!"

"लोखंड वाजलं की त्याला ऐकू येतंय. काढा सगळं. तो बांबू कुठाय?"

"...विकायच्या सामानात."

"वा! शाब्बास!"

अनवाणी, उघड्या अंगानं, हातात बांबू घेऊन आमचं पात्र त्या अंधारात शिरलं. अजगर समोर डोकं हलवत होता आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो. "डावीकडं... हळू... थांब... आता!" त्यानं जबडा उघडला आणि मुक्तानं बांबू आडवा घुसवला. जबडा मिटेचना. सगळा डोंगर हादरला, छत फुटलं, उजेड आत आला आणि तो धिप्पाड अजगर कोसळला!

मी पलंगावर उभा होतो. मुक्ता किंचाळत होती. बायको बेसनाच्या हातानं धावत आली, "कुणाला लागलं? काय झालं?"

"जिंकलो!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. बायकोनं कपाळाला हात लावला, बेसन कपाळभर, आणि तीही हसायला लागली.

ते पाव कुणी ठेवले, हे मला आजही माहीत नाही. सगळे फॉल्ट तपासले. सापडला नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी जरूर सांगावं, पण मी आता तारेत तिसरं काहीतरी असू शकतं असं धरून चालतो. आणि खेळांबद्दलचं माझं मत बदललं आहे. ज्या खेळात पॉइंट न मिळणारं काहीतरी करायला जागा आहे, तोच खेळ मोठा.

एवढं सांगून थांबलो असतो. पण त्या सकाळी खेळ संपल्यावर पडद्यावर एक प्रश्न आला. जिंकलेला खेळ साठवायचा होता — जुनी नोंद पुसली जाईल. नक्की?

मुक्ताचा अंगठा बटणावर गेला.

"थांब," मी म्हणालो. "त्या दिवशी लाईट गेली नव्हती."

तिनं टीव्हीवरची नजर हलवली नाही. "माहिताय. मम्मीचा मिक्सर चालू होता. आन तुमच्या घरचा इन्व्हर्टर ट्रिप होईल का कधी, पप्पा?"

बायको दारातच उभी राहिली. मला वाटलं होतं मार्कांचं कारण सांगीन, रागाचं सांगीन. पण त्या वेळी खरं तेच बाहेर आलं.

"तू दलदल ओलांडली होतीस. मला एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं. तू माझ्या पुढं गेलीस ते मला बघवलं नाई, म्हणून मी तुझा खेळ माझ्या हातानं पुसला. आन तुझ्या तोंडावर खोटं बोललो. चुकलं माझं. मला माफ कर, माय."