सरांची बाजू

इथे आखातात, वादी कबीर भागातल्या गॅरेजमधले एक रत्नागिरीचे मेकॅनिक माझ्या गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मोबाइल उघडतात आणि तेलकट बोटाने बातमी मोठी करून दाखवतात. त्यांच्या कॉलेजचे माजी फुटबॉल प्रशिक्षक जखमी मुलांनाही मैदानात उतरवत, असं गावाकडच्या पेपरात आलं आहे. मीही पेपरवाला, म्हणून महिनाभर ते मलाच जाब विचारताहेत.

"सगळं खोटं. सरांच्या पोरांना कुणी विचारलं?"

शेवटी वैतागून म्हटलं, "मग तुम्हीच सांगा."

त्यांनी पाना खाली ठेवला आणि उजवा गुडघा दाखवला. तो पुरता वाकत नाही.

"फायनलला हा असा सुजलेला. सर म्हणाले, खेळ. खेळलो, जिंकलो. असा माणूस मिळतो कुठे? यल्ला, चला, छापा हे. माझ्या नावासकट."