दोन बोटांची फट

जुन्या इमारतीच्या पोटात नवा जिना घालताना, तो तिला सोसेल का, असं तुम्ही कधी कोणाला विचारलं आहे? नसेलच विचारलं. आपण ठेकेदाराला विचारतो, अध्यक्षांना विचारतो, फार तर फरशीचा रंग विचारतो. अख्ख्या नागपुरात हा प्रश्न थेट भिंतीला विचारणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या मैत्रिणीचा बाप होता. सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले हे काका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करायचे, तिला कान लावायचे आणि मगच घरच्यांना जय भीम घालायचे. मैत्रिणीसाठी पाहिलेल्या एका मुलाचं घर सगळ्यांना पसंत पडलं होतं. काकांनी उंबऱ्यातच विचारलं, "जिना कोनत्या भिंतीवर टाकला जी?" मुलाच्या वडिलांना सांगता येईना. काका चहा न घेता उठले. "ज्याले आपल्या जिन्याचा भार कुठं जाते ते माहीत नाही, तो माह्या पोरीचा भार काय घेईन?" यावर मैत्रीण रिक्षात भडकली, "मी काय स्लॅब आहे का बाबा?" काकांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "नाही वं. स्लॅब एवढी बोलत नाही."

हुडकेश्वरला त्यांचं स्वतःचं काँक्रीटचं घर होतं, त्याला ते 'डबा' म्हणत. त्यांचा सगळा जीव विटा-चुन्याच्या भिंतींवर. अशी भिंत वरून आलेलं ओझं मुकाट्याने सरळ खाली नेते, पण कोणी बाजूने रेटलं की तिला तोल सावरता येत नाही, हे ते भाजीवाल्यालाही समजावून सांगायचे. जुन्या भिंतीवर भेग दिसली की तिच्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवायची आणि येता-जाता ती बघायची, हा त्यांचा नेम. "काच फुटली तं भेग जिती हाय. नाही फुटली तं झोपली हाय, झोपू द्या." शहरातल्या कितीतरी परक्या भिंतींवर त्यांच्या अशा पट्ट्या होत्या. दोनदा चौकीदारांनी त्यांना हाकलून लावलं, आणि एकाने तर चोर समजून पोलीसही बोलावले. पोलिसालाही त्यांनी चौकीची भिंत दाखवायला सांगितली.

आमची अभ्यासिका कापसाच्या एका जुन्या वखारीत आहे. भिंती विटा-चुन्याच्या, जाडजूड, छत उंचच उंच. मौदा, खापा अशा गावांतून शिकायला आलेली मुलं इथे परीक्षांचा अभ्यास करतात. जागा पुरत नव्हती, आणि जागा पुरत नसली की बाहेर कोणी बसायचं हे आपल्याकडे कोणी न ठरवताच ठरलेलं असतं. मुली ओट्यावर बसून वाचायच्या आणि उजेड गेला की पुस्तक मिटायच्या. म्हणून आतच एक मजला घालून तो मुलींना द्यायचं ठरलं. ठेकेदार म्हणाला, चारही भिंतींत सलग खाचा पाडू आणि त्यात स्लॅब अडकवू. सल्ल्यासाठी बोलावलेले काका सभेतून उठले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "पहिले मले खाचा पाडा."

शेवटी त्यांच्याच पद्धतीने काम झालं. लोखंडी खांब आपल्या स्वतंत्र पायावर उभे, त्यावर हलका मजला, त्यालाच जोडलेला जिना, आणि हे सगळं भिंतीपासून दोन बोटं दूर.

"ही फट काहून ठेवून राहिले गा?" अध्यक्षांनी विचारलं. "पोरींचे पेन पडतील ना खाली."

"पडू द्या. उन्हाळ्यात लोखंड फुगते, पावसाळ्यात आपली काळी माती फुगते. अंग हलवाले जागा पाह्यजे. पेन उचलता येते, भिंत नाही उचलता येत."

मुली वर गेल्या. काका खाली खुर्ची टाकून बसायचे आणि टपकन पेन पडला की ओरडायचे, "कोनाचा हाय वं?" वरून हसू फुटायचं. त्यांना इतकं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग काकांचं हृदयाचं दुखणं निघालं, दवाखाना लांबला. आमचे अध्यक्ष निवृत्त मास्तर, काकांवर जीव टाकणारे. काका परत येतील तेव्हा सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांनी माणूस लावून ती फट सिमेंटने गच्च भरून घेतली आणि वरून रंगही दिला. उन्हाळा गेला, पाऊस आला. आधी तिथल्या जुन्या भेगेवर काकांनी चिकटवलेली काचेची पट्टी फुटली, मग खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत भिंत उलली. वरच्या मजल्याला कुलूप लागलं. मुली पुन्हा ओट्यावर.

मी पेटले होते. काका आले त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, उद्याच पत्रक काढते, अध्यक्षांचं नाव मोठ्या अक्षरात. त्यांनी भेगेवर तळहात ठेवला. "पत्रक नोको काढू वं. छन्नी आन."

अध्यक्ष दारात उभे होते, आत यायला धजत नव्हते. "साहेब, मले वाटलं तुमाले बरं वाटन."

"माहीत हाय मास्तर. बसा अथी. हातोडी हळू मारजा."

मग रोज दुपारी ते दोघं मजल्यावर पाय पसरून बसायचे, आणि चिमूट चिमूट सिमेंट काढायचे. यंत्र लावलं तर दुखावलेली भिंत हादरली असती. मास्तर घाई करू लागले की काका दटावायचे, "म्हातारी दमली हाय. तिले दम घेऊ द्या." दम खरा त्यांनाच लागत होता. एक बाजू मोकळी झाली आणि काका गेले. शोकसभेत सगळे बोलले. दुसऱ्या दुपारी मास्तर एकटेच वर बसलेले दिसले, पुढ्यात छन्नी, आणि शेजारी एका माणसाची जागा सोडलेली.

बाकीच्या बाजू अजून बुजलेल्या आहेत. त्या मोकळ्या झाल्याशिवाय भिंतीची डागडुजी करता येणार नाही, आणि तोवर कुलूप निघणार नाही. मुलींना बसायला जागा देणं हे कोणाचं उपकाराचं काम नाही, म्हणून तुम्हाला हक्कानेच सांगते: येत्या रविवारी या. छन्नी आणा, लहान हातोडी आणा. मास्तरांच्या शेजारी बसा, त्यांना काही विचारू नका. हळू ठोका. आणि सिमेंट संपून जिथे चुना लागेल, तिथे हात थांबवा.