निवट्यांचे धर्मपिता

बेडूक फाडण्याआधी त्याच्यासाठी देवाची करुणा भाकणारा माणूस आख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि माझं नशीब असं की शिक्षकांच्या खोलीत तो नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत असे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणत असू. शाळेत सर पुष्कळ होते, मीही एक होतो. पण नुसतं 'सर' म्हटलं की कोपरीहून सायकल ढकलत येणारे शास्त्राचे सर, हे शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सायकल ते ढकलतच आणत, कारण वर बसलं की वाटेतले किडे दिसत नाहीत. धर्माने ख्रिस्ती, घराणं पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी भातशेती करणारं. रोज सकाळी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मिस्साची प्रार्थना ऐकून मगच शाळेत येत, आणि आल्याबरोबर माणूस माशापासून कसा होत गेला ते पोरांना सांगायला लागत. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या पोटात सुखाने नांदतात कशा, हे मला कळत नसे. मी संस्कृत शिकवत होतो आणि स्वतःला सुधारक समजत होतो. म्हणजे शेंडी कापली होती आणि ही बातमी सासुरवाडीला पोचू दिली नव्हती.

वास्तविक उत्क्रांती अभ्यासक्रमात नव्हतीच. सरांनी शिकवायचं ते शरीरशास्त्र आणि आरोग्यशास्त्र. पण दातांची निगा शिकवायला उभे राहिले की सर सुळ्यापाशी अडकत. सुळा इतका टोकदार कशाला, पूर्वी तो केवढा असेल, कोणाचा असेल, असं करत करत तास संपेपर्यंत वर्ग घनदाट जंगलात पोचलेला असे आणि दात कसे घासायचे ते राहून जाई. माणसाला कान हलवायचे स्नायू अजून का आहेत हे आमच्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. देवीची लस कशासाठी टोचतात ते मात्र येत नसे. शेवटी परीक्षा जवळ आली की हेडमास्तर स्वतः आरोग्यशास्त्राचा तास घेत, आणि सर तिथेही मागच्या बाकावर बसून हात वर करीत. बेडकाचा दिवस आला की आधी टेबल पुसून घेत, बेडूक निजवत, स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण करत आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. मी एकदा विचारलं, "मागता काय एवढं?" "मागत नाही, कळवतो," सर म्हणाले. "त्याची वस्तू आहे, उघडून बघणार आहे, म्हणून आधी कळवतो." बघून बघून मुलंही हात जोडून उभी राहायला लागली. एका वर्षी कोणीतरी जास्वंदीचं फूल घेऊन आला, तेव्हा हेडमास्तरांनी मध्ये पडून बेडकाची पूजा थांबवली.

मी तेव्हा डोंबिवलीला राहत होतो. डोंबिवली म्हणजे त्या काळी थोड्या चाळी, पुष्कळ विहिरी आणि दिवेलागणीनंतर कोल्हेकुई. रविवारी जेवणखाण आटोपून सर आमच्या बाजूला येत ते माझ्या ओढीने, असं मी पहिलं वर्षभर समजत होतो. ते येत ठाकुर्लीच्या वीजघराजवळचा कोळसा बघायला. एखाद्या ढेकळावर जुन्या काळच्या पानाचा ठसा सापडेल या आशेने ते ढीगच्या ढीग उलथेपालथे करत. एकदा रखवालदाराने त्यांना कोळसाचोर म्हणून धरलं आणि ओळख पटवायला मला बोलावणं आलं. धोतर सावरत मी पोचलो तर सर काळ्याठिक्कर तोंडाने बसलेले, मांडीवर बाळासारखं एक ढेकूळ. "यांना ओळखता का?" रखवालदाराने दरडावून विचारलं. इतकी वर्षं मुलांना मैत्रीवरची सुभाषितं पाठ करायला लावणारा मी, घसा साफ करून म्हणालो, "पाहिल्यासारखे वाटतात." सर जराही रागावले नाहीत. उलट वाटेत त्या ढेकळावरची पानाची शीर मला दाखवत राहिले, आणि मला ती दिसत नसताना मी "वा, वा" म्हणत राहिलो.

त्यांचं खरं प्रेम मात्र निवट्यांवर. निवटी म्हणजे खाडीतला बोटभर लांबीचा मासा, डोळे अगदी डोक्यावर. ओहोटी लागली की बाकीचे मासे पाण्याबरोबर मागे जातात, ही बाई चिखलावरच राहते, पुढच्या परांवर रेटत हिंडते आणि मनात आलं तर उडी मारते. सर दरवर्षी वर्गाला खाडीवर नेत. सोबत आणखी एक शिक्षक हवा असा नियम होता आणि त्या नियमाला दरवर्षी मीच सापडत असे. पहिल्याच सहलीत मी कोरड्या दिसणाऱ्या जागी पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. सर पलीकडे चिखलात ओणवे होऊन ओरडत होते, "बघा रे, बघा! पाण्यातून जमिनीवर यायचं म्हणजे काय सोपं आहे का?" ते किती कठीण आहे हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला पटलं, पण कोणीही निवटीकडे बघत नव्हतं. चौघांनी मिळून मला बाहेर काढलं. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.

परतताना गेलेली अब्रू थोडी तरी सावरावी म्हणून मी दशावतार काढले. म्हटलं, "सर, यात नवीन काय? आमच्याकडे आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह. सगळं आमच्या ऋषींना ठाऊक होतं." सरांनी माझं बोलणं फार आदराने ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान आहे, शास्त्रीबुवा. पण यात झुरळ कुठे बसतं?" मी अजून शोधतो आहे. मीही मग सूड म्हणून विचारलं, की तुमच्या बायबलात तर सहा दिवसांत सगळं झालं, त्याचं काय करता? "बायबल उघडतो ते कोणी केलं हे कळायला," सर म्हणाले, "आणि बेडूक उघडतो ते कसं केलं हे कळायला. बेडकात देवाची आज्ञा शोधत नाही, बायबलात बेडकाचं काळीज शोधत नाही." त्यावर मी चपलेचा विषय काढला.

सरांनी लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर धाकट्या बहिणीला त्यांनीच वाढवलं आणि खाडीपलीकडच्या गावात चांगलं घर बघून तिचं लग्न लावून दिलं. बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली आणि बाळंतिणीच्या खाटेवरूनच तिने सांगून टाकलं, की मुलीचा धर्मपिता माझा भाऊच होणार. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने श्रद्धेची प्रतिज्ञा घेतो आणि पुढे जन्मभर त्याला धर्माच्या वाटेवर सांभाळतो, तो धर्मपिता. सर इतके हरखले, की त्या दिवसांत त्यांनी वर्गाला खरोखरच दात घासायला शिकवलं. आणि मग ठिणगी पडली. त्या गावची काही मुलं आमच्या शाळेत होती. त्यांच्या तोंडून बहिणीच्या सासऱ्यांना कळलं, की मास्तर माकडांना, इतकंच काय निवट्यांनाही, माणसाचे नातेवाईक म्हणतात. म्हातारा जेवायला बसला होता म्हणे. त्याने ताट सारलं आणि विचारलं, "मंग ही निवटी माजी चुलतबहीन लागली का? आन मी तिला कालवनात टाकतो?" गावातल्या देवळातलं पहिलं बाक या म्हाताऱ्याचं. त्याच्या शब्दापुढे घरात कोणाचं चालत नसे. त्याने निरोप धाडला, की माझ्या नातीला माकडवाला धर्मपिता नको. मास्तरला काही बोलायचं असेल तर बाप्तिस्म्याच्या आधी अंगणात येऊन बोलावं. तोवर आपल्या एका पुतण्याला त्याने तयार राहायला सांगितलं, आणि पुतण्याने नवा कोटसुद्धा शिवायला टाकला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी डबा उघडला नाही. "म्हातारा रागावला तर रागावू दे," ते म्हणाले. "पण तेवढं एकच घर आहे हो मला. तिथे मी पाहुणा होणार आता." मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी सल्ला देतो. म्हटलं, "सांगून टाका ना, की ते माकडाचं सगळं खोटं आहे. तिथे कोण तपासायला येतंय?" सर म्हणाले, "शास्त्रीबुवा, खोटं बोलू नको असं त्या पोरीला मी शिकवायचं. आणि सुरुवातच खोटं बोलून करू?" ते त्या गावच्या फादरांनाही भेटून आले होते. फादर शांतपणे कोंबड्यांना दाणे टाकत म्हणाले, की देह कसा घडत आला ते तू खुशाल शोध, आत्मा देवाकडून येतो एवढं सोडू नको, माझी हरकत नाही. पण म्हाताऱ्याला तूच पटव, मला तो दर रविवारी समोर दिसतो.

अंगणात सरांबरोबर मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी रात्र जागून दशावतारावर भाषण तयार केलं होतं. आगेरा तोंडावर आला होता. आगेरा म्हणजे त्यांचा नव्या भाताचा सण. शेतातल्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. त्यासाठी राखलेली लोंब्यांची जुडी म्हाताऱ्याच्या ओटीवर टांगलेली होती. सर तोंड उघडायच्या आत मी सुरुवात केली. मत्स्यावतार ऐकून म्हाताऱ्याने मला थांबवलं. "म्हंजे तुमचा देव मासा झालेला?" मी म्हणालो, "हो." "आन म्हनून तुमी मासं खात नाय?" मी म्हणालो, "नाही, तसं नाही, ते वेगळ्या कारणाने." "कंच्या?" म्हाताऱ्याने सुनेला आवाज देऊन माझ्यासाठी पाणी मागवलं आणि मी ते बराच वेळ पीत राहिलो.

मग सर बोलले. आमच्याशी इतकं शुद्ध बोलणारे सर तिथे एकदम घरच्या बोलीवर आले. "काका, ह्या लोंब्या कोनी दिल्या?"

"देवानं."

"मंग आवनी कोनी केली? पावसात कमरेत वाकून चिखलात कोन उभा व्हता?"

"मी व्हतो. माजा पोर व्हता."

"मंग खोटा कोन बोलतं, तुमी का देव?"

म्हातारा जुडीकडे बघत राहिला. "खोटा कोन नाय," तो म्हणाला.

"माजंबी तेवढंच हाय, काका. पोरांना मी आवनी-लावनी सांगतो. दिलं कोनी, ते मी रोज देवलात जाऊन बोलतो. भाताला थोडं म्हयनं लागतात, मानसाला जास्ती लागलं. देवाला घाई नव्हती."

म्हाताऱ्याने मान हलवली नाही की हाकलूनही दिलं नाही. "माकडाचं मला नाय पटत," तो शेवटी म्हणाला. "रविवारी या देवलात. बगू." बाहेर पडताना सरांनी विचारलं, "'बगू' म्हणजे काय समजायचं?" मी म्हणालो की काम झालं. माझे असले अंदाज कसे निघतात हे माहीत असल्यामुळे सर आणखीच खचले.

रविवारी देवळात गेलो तर पुतण्या नवा कोट घालून हजर. मी जन्मात पहिल्यांदाच मिस्साला बसलो होतो. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे काही कळेना, म्हणून पुढच्या माणसाकडे बघून तसंच करायचं ठरवलं. पुढचा माणूस नेमका तो पुतण्या निघाला. तो बुटाची नाडी बांधायला वाकला, तेव्हा आख्ख्या देवळात मी एकटाच त्याच्याबरोबर भक्तिभावाने वाकलेला होतो. मिस्सा झाल्यावर सगळे बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी गेले. बाळ आत्याच्या हातात होतं. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला पुतण्या. फादरांनी विचारलं, "धर्मपिता कोण?" सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा कुंडातल्या पाण्याकडे बघत होता. बाळाचं टोपडं डोळ्यांवर आलं होतं, ते सारखं करायला सरांनी हात पुढे केला, आणि त्या एवढ्याशा मुठीने त्यांचं बोट पकडलं. सरांनी हळूच सोडवून बघितलं. मूठ आणखी आवळली. इतका वेळ माणूस तोंड मिटून उभा होता, पण शेवटी स्वभाव. "शास्त्रीबुवा, पाहिलंत?" त्यांच्या मते ते कुजबुजले, पण आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेला माणूस तो, शब्दन्‌शब्द सगळ्या देवळाने ऐकला. "ही पकड झाडावरची आहे. आईच्या अंगावरचे केस धरून राहायचं, खाली पडायचं नाही. कोणी शिकवलेलं नाही हो हिला!"

मी जोरात खोकलो आणि त्यांच्या पायावर पाय दिला. उपयोग नव्हता. म्हातारा काठी टेकत पुढे आला. सर बोट ओढून घ्यायला बघत होते. म्हाताऱ्याने वाकून ती मूठ अगदी जवळून पाहिली.

"कुटली बी असू दे," तो म्हणाला. "घट धरलंय ना पोरीनं? मंग तू सोडवू नको." आणि फादरांकडे वळून, "चालू करा."

पुतण्या बाकावर जाऊन बसला. प्रतिज्ञा म्हणताना सरांचा आवाज दोनदा फुटला आणि फादर थांबून राहिले. नंतर आम्ही दोघं खाडीच्या बांधावरून परत निघालो. भरती होती, एकही निवटी दिसत नव्हती, आणि सरांनी शोधलीही नाही. ते बोट बाकीच्या हातापासून जरा वेगळं धरून ते चालत होते, भाजलेलं बोट धरावं तसं. मला बोलण्यासारखं पुष्कळ सुचत होतं, पण त्या दिवशी मी गप्प राहिलो. सर आता नाहीत. त्यांच्यासारखं दोन्ही हातांनी जगाला धरणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि मला त्यांची फार आठवण येते.