कागदी तिकीट गेले, बाबा सापडले

मंडळी, एक गंभीर तक्रार नोंदवतो. बसमध्ये टॅप करायचे कार्ड आल्यापासून कागदी तिकीट मिळत नाही. आता माझ्या संस्कृत कोशात खूण म्हणून ठेवायचे काय?

पण आज त्याच कार्डाला मी मनोमन साष्टांग नमस्कार घातला!

आमचे बाबा, वय अठ्ठ्याहत्तर, सकाळी हट्टाने एकटे निघाले. बदलापूरहून उल्हासनगरला, आत्याकडे. कार्ड माझ्या नंबरला जोडलेले. ते चढले आणि मला मेसेज आला. मग मी मोबाइलवर बस बघत बसलो. दिव्यदृष्टीच म्हणा! "चिखलोली गेली! अंबरनाथ आलं!" असे मी बायकोला ओरडून सांगत होतो.

"अहो, बाबा बसमध्ये आहेत, चंद्रावर नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात दुसरा मेसेज आला. बाबा अंबरनाथलाच उतरले होते. मी फोन लावला.

"बाबा, आत्या उल्हासनगरला राहते!"

"माहितीये रे. कंपनीचा स्टॉप आला, उतरलो. सवय! मागची बस कधी आहे, ते बघ."

"चार मिनिटांत!"

आणि खरोखर चार मिनिटांत आली हो! थोड्या वेळाने आत्याचा फोन आला, "दादा पोचला. पोहे खातोय."

दिवसभर मी हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलोय. फक्त एक गोष्ट कुणाला बोललो नाही. बाबांना निवृत्त होऊन वीस वर्षे झाली. आज ते सवयीने उतरले की विसरून, हे त्यांना विचारायची मला भीती वाटते.