पालथं करून बघणारे सुभेदार

सुभेदारांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ते आधी ती पालथी करून बघत. बियाण्याची पिशवी, गोळ्यांचं पाकीट, लग्नाची पत्रिका, काही सुटत नसे. फौजेच्या भांडारात काढलेल्या वर्षांची ही सवय. ते माझे सख्खे चुलते, पण कडेगावजवळच्या आमच्या गावात त्यांना काका असं कुणी म्हटलंच नाही. काकीसुद्धा सुभेदारच म्हणायची. या माणसाचा मला अजूनही राग येतो.

पावसाळ्यात माळावर वारुळाच्या कडेनं अळंबी उगवायची. ती काढायला ते मला बरोबर न्यायचे. एकेक उपटून खालची झालर बघायची, वास घ्यायचा, जरा शंका आली की फेकून द्यायचं. "वरनं समदी पांढरीच दिसत्यात गं," ते म्हणायचे. "आधी पालथं करून बघ, मग त्वांड उघड." पुढं पुण्याच्या प्रयोगशाळेत मी बुरशीवर काम करायला लागले ते त्या माळामुळंच. एका रानटी अळंबीतून आम्ही काढलेल्या द्रव्यानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. काचेच्या थाळीत मेल्या. थाळीत पुष्कळ गोष्टींनी पेशी मरतात. त्यातलं माणसापर्यंत पोचतं ते फार थोडं, आणि त्यालाही वर्षं लागतात.

त्याच सुमारास सुभेदारांना शौचावाटे रक्त जायला लागलं होतं. मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवून ते सुरण आणि ताकावर दिवस काढत होते. मी भांडून त्यांना सांगलीला नेलं. दुर्बिणीनं तपासलं तर मोठ्या आतड्यात गाठ. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की अजून पसरलेली नाही, लवकर ऑपरेशन करून घ्या, बरे व्हाल. सुभेदारांनी रिपोर्ट पालथा करून बघितला, मागची बाजू कोरी होती. मग महिनाअखेरची तारीख घेतली.

मधल्या दिवसांत गावानं माझा सत्कार ठेवला. ज्या वार्ताहराला मी अर्धा तास थाळी आणि पेशी समजावून सांगितल्या होत्या, त्यानं गावच्या लेकीनं कॅन्सरवर औषध शोधल्याची बातमी छापली होती. एसटी स्टँडवर माझा फोटो असलेला फ्लेक्स लागला. देवळापुढं मांडव, फेटा, शाल, नारळ, सगळं यथासांग झालं. निवेदकानं माइकवर जाहीर केलं की आता कॅन्सरला कापाकापीची गरज उरली नाही. मी त्याच्या शेजारीच उभी होते आणि सुभेदार पहिल्या रांगेत बसले होते. हे धादांत खोटं आहे हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. पण अंगावर शाल पडलेली असताना निवेदकाला खोडून काढायची आपल्याकडं रीत नाही. मी सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली बसले.

नंतर फोनवर सुभेदार सांगायचे की तोड आली आहे, फडातला ऊस कारखान्याला गेला की ऑपरेशनला जातो. मला ते पटलं. कामाच्या गडबडीत ते पटवून घेणंच मला सोयीचं होतं. थंडी संपता संपता गावी गेले तर माणूस निम्मा राहिला होता. फडताळात अळंबीच्या पावडरीचे डबे होते आणि डब्यावर माझा फ्लेक्सवरचाच फोटो छापलेला होता. मी एक डबा पालथा केला. कुणी बनवली, कधी बनवली, काही लिहिलेलं नव्हतं.

मी घर डोक्यावर घेतलं. सारं जग पालथं करून बघता, मग एवढं कसं बघितलं नाहीत, असं ओरडून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "बघितलं की. माइकवर त्यो बोलत हुता, तवा मी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो. खोटं असतं तर तू बोलली असतीस."

तोवर गाठ यकृतापर्यंत गेली होती. पाऊस सुरू व्हायच्या आत सुभेदार गेले. पावडरवाल्याला शोधून काढून मी त्याच्याविरुद्ध तक्रार केली, तर त्यानं डब्यावरचं नाव बदलून धंदा चालू ठेवला. वार्ताहराला फोन केला, तर त्यानं श्रद्धांजली छापू का म्हणून विचारलं. निर्लज्ज आहेत सगळे, आणि त्यांच्या रांगेत पहिली मी उभी आहे. सुभेदारांचा राग येतो तो एवढ्याचसाठी, की आयुष्यभर कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं तो नेमका माझ्या गप्प बसण्यावर ठेवला.

परवा इस्लामपूरच्या एका कॉलेजात पुन्हा सत्कार होता. निवेदक औषध या शब्दापर्यंत आला आणि मी त्याच्या हातातला माइक काढून घेतला. हे औषध नाही, कधी होईल ते मला माहीत नाही, रक्त जात असेल तर घरी बसून मूळव्याध ठरवू नका आणि पावडरी खाऊ नका, दवाखान्यात जाऊन तपासून घ्या, असं सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. प्राचार्य शाल हातात धरून तसेच उभे राहिले.

पायऱ्या उतरले तर फेटा बांधलेला एक म्हातारा आडोशाला थांबला होता. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "बाई, चार म्हैनं रगात जातंय. मूळव्याधच असंल न्हवं?"

मला त्याचाही राग आला. चार महिने काय करत होता, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं, गाडीचं दार उघडलं आणि म्हटलं, बसा, सांगलीला जाऊ.