तोलेगेन दाजींचा बाळंत घोडा

तोलेगेन दाजी, म्हणजे माझ्या रौशान ताईचा नवरा, कारागांडात लिफ्ट दुरुस्त करतात. अख्ख्या शहराच्या. त्यांच्या स्वतःच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन वर्षं बंद आहे आणि ते आठव्या मजल्यावर राहतात. यावरून माणूस अर्धा कळतो. उरलेला अर्धा कळायला वर जावं लागतं. धापा टाकत पोहोचलात की दिसतं, टीव्ही पाहिजे त्या जागी काचेची टाकी आहे, आणि टाकीत समुद्री घोडे.

समुद्र कुठे, आम्ही कुठे. दाजींनी तो फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. पण बादलीत मीठ ढवळून, त्यात खारटपणा मोजायची काचेची नळी तरंगवून, एक डोळा मिटून ते दर आठवड्याला समुद्र बनवतात. ताई म्हणते, "रश्श्यात मीठ नाही हे या माणसाला जेवण संपलं तरी कळत नाही. पण बादलीत एक चिमूट कमी पडली तर रात्रभर झोप नाही."

आणि घोडे तरी कसले! बोटाएवढे. धड पोहता येत नाही. शेपटीनं प्लास्टिकच्या गवताला विळखा घालून दिवसभर उभे, रांगेत नंबर लागायची वाट बघितल्यासारखे. दिवसातून तीनदा त्यांना बारीक कोळंबी नळीनं तोंडाशी न्यायची. दाजींनी ताईच्या ताटात इतक्या प्रेमानं कधी काही वाढलेलं मी पाहिलं नाही.

दाजींचा जीव अडकला होता पिल्लांत. चार वेळा पिल्लं झाली आणि चारही वेळा आठवड्याच्या आत मेली. चौथ्या वेळी दाजी न्हाणीघरात नळ सोडून रडले, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. ताईला ऐकू गेलंच. तिनं सांगून टाकलं, "आता एकदाच. या वेळी दहा दिवस जगली तर टाकी राहील. नाही जगली तर टाकी जाईल. मला तुमचं हे बघवत नाही."

दाजी म्हणाले, "बरं." दाजींनी बरं म्हटलं की ते शब्द फिरवत नाहीत.

आता, दाजींची टर उडवायचा मेहुणीचा हक्कच असतो आमच्यात, आणि मी तो पुरेपूर वापरते. पण दुसऱ्या कुणी उडवली की माझं डोकं फिरतं. हा दुसरा कुणी म्हणजे दाजींचा थोरला भाऊ, सापारगाली. गावाकडे त्याचे चाळीस खरे घोडे. त्यातल्या एकावरही तो गेल्या दहा वर्षांत बसलेला नाही. जीप घेऊन त्यांच्या मागे हॉर्न वाजवत फिरतो आणि स्वतःला घोडेवाला म्हणवतो.

नोव्हेंबर संपता संपता तो हिवाळ्याचं घोड्याचं मांस घेऊन आला. सोबत आपा, म्हणजे दोघांची आई. ताईनं घोड्याच्या मांसाचं सॉसेज, आमची काझी, कापून ताटात मांडलं. सापारगालीनं दोन्ही गाल भरले आणि टाकीकडे बोट केलं.

"तोलेगेन, याची काझी केली तर दातात तरी अडकेल का रे?"

"तुमचा पुढचा पडलाय ना," मी म्हटलं, "त्या जागी बसवा."

"ही पोरगी कोण?"

"रौशानची बहीण. दरवर्षी विचारता."

तो टाकीजवळ वाकला. "ही का फुगलीय?"

"ही नाही, हा," दाजी हळूच म्हणाले. "पोटात पिल्लं आहेत."

सापारगाली हसता हसता पट्टा सैल करून बसला. "मर्द गाभण! आपल्या घराण्यात! अरे गावात बोलू नकोस, माझे घोडे मान वर करणार नाहीत!"

दाजी हसले. तेही हसले, याचाच मला राग आला. आपा दूध घातलेला चहा फुंकत राहिली.

आणि तेवढ्यात तो फुगलेला घोडा कमरेत वाकला, ताठ झाला, पुन्हा वाकला, आणि त्याच्या पोटाच्या पिशवीतून धुरासारखं काहीतरी बाहेर आलं. पिल्लं. पापणीच्या केसाएवढी, पण प्रत्येकाला तोंड, शेपटी, सगळं. दाजींनी झाकण उघडलं, गुडघ्यावर बसले आणि पेल्यानं पिल्लं उचलून शेजारच्या गोल टबात सोडायला लागले.

आपा उठून आली. "बापच बाळंत होतो?"

"हो आई."

"पोटात वाढवतोही तोच?"

"तीन आठवडे. मादी रोज सकाळी येऊन भेटून जाते."

आपानं काचेला नाक लावलं. मग म्हणाली, "सात बाळंतपणं काढली मी. सातही वेळा तुमचा बाप शेजाऱ्याकडे पत्ते कुटत होता." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बंडीच्या खिशात हात गेला. मला कळलं काय होणार, पण मी टेबलाच्या पलीकडे होते.

"शाशु!" आपा ओरडली.

सून आली, नातू झाला, की आमच्या म्हाताऱ्या गोळ्या आणि नाणी उधळतात, तीच शाशु. खिसा भरलेलाच असतो त्यांचा. मूठभर गोळ्या, साखरेचे खडे, नाणी, सगळं धबाधब टाकीत.

दाजींचा चेहरा पांढरा पडला. नाण्यातलं तांबं या जीवांना विष, आणि साखरेनं पाणी नासतं. हे मला त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही सांगेन. पण आपा रडत होती, हसत होती. दाजींच्या घोड्यांना कुणीतरी पहिल्यांदाच मान दिला होता. "आई, विष टाकलंस" असं तिला कोण सांगणार? दाजी तर नाहीच. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

"माझं!" मी बोंबलले. "सगळी शाशु मेहुणीची!" आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. शाशु झडप घालून वेचायचीच असते, जितकी हावरट तितकी शुभ. कोण काय बोलणार?

सापारगालीही बाह्या सारून आला. बोटांवर काझीची चरबी चकाकत होती. मी कोपरानं ढकलला.

"मलाही नशीब पाहिजे की!"

"आगा, तुमचं नशीब आधीच पोटावर दिसतंय. सरका."

"किती हौसेनं वेचतेय बघ पोरगी," आपा खूश.

एका गोळीचा कागद सुटून ती विरघळायला लागली होती. साखरेचे खडे तर हातात येईपर्यंत अर्धे झाले. मागून पाण्याचा आवाज आला. ताई. तिनं न्हाणीघरातला तयार समुद्र ओढत आणला होता, पिंपच्या पिंप, न सांगता.

"किती बदलायचं?"

"जमेल तेवढं," दाजी म्हणाले. पेला थांबला नव्हता.

दोनशेच्या वर पिल्लं होती. तिसऱ्या दिवशी अर्धी उरली. सहाव्या दिवशी दाजी जेवले नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी ताई चहाचा कप घेऊन टबाशी उभी राहिली, ओठ हलवत मोजत.

"एकतीस."

"तीस," दाजी म्हणाले. "कोपऱ्यातलं हलत नाहीये." खोटं बोलून टाकी वाचवायचं त्या माणसाला सुचतही नाही.

"किती जगायला पाहिजेत हे मी कुठे बोलले होते?" ताई म्हणाली आणि कप धुवायला गेली.

त्याच दुपारी आपाचा फोन. "जगली ना? माझ्या शाशुचा गुण! सापारगालीला म्हटलं मी, तुझ्या चाळीस घोड्यांत एक तरी आहे का असा?"

मी फोन ओढायला गेले. दाजींनी माझा हात धरला.

"तुझ्यामुळेच, आई," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी दोन मुठी आणते."

दुसऱ्या दिवशी दाजींनी टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.