दगड कोणी मारला

आमच्या गावात एका शिमग्याला मारामारी झाली, आणि त्यानंतर दोन वर्षं वाडी आणि मोहल्ला एकमेकांशी बोलले नाहीत. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मुंबईतली गिरणी बंद पडल्यावर घरी आलो होतो आणि बाबांबरोबर शेतात राबत होतो. आमचं गाव पालीपासून आत, चालत दीड तासावर. ओढ्याच्या अलीकडे आमची कुणब्यांची वाडी, पलीकडे मुसलमानांचा मोहल्ला.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी मशिदीच्या कोपऱ्यावर आली की ढोल थांबायचे. मोहल्ल्यातला कोणी वडीलधारा पुढे येऊन नारळ द्यायचा, मग पालखी पुढे निघायची. हे कधी ठरलं कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. त्या वर्षी आम्ही तरण्या पोरांनी ठरवलं, ढोल थांबवायचे नाहीत. मोहल्ल्यातही आखातातून सुट्टीवर आलेली पोरं होती, त्यांना नारळ देणंच मान्य नव्हतं. म्हातारी माणसं दोन्हीकडून समजावत होती. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

शब्दाला शब्द लागला आणि दगड सुरू झाले. मोहल्ल्यात एक शिवणकाम करणारे गृहस्थ होते. त्यांना सगळा गाव मास्तर म्हणायचा. माझी शाळेची पहिली चड्डी त्यांनीच शिवलेली. ते दुकानातून बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून आपल्याच पोरांना मागे ढकलू लागले. माझ्या हातात जांभ्या दगडाचा तुकडा होता. मी त्यांना नेम धरून मारला नाही. गर्दीवर मारला, आणि ते गर्दीत होते. मास्तर डोळ्यावर हात धरून खाली बसले. त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं.

उजवा डोळा गेला. रत्नागिरीच्या इस्पितळातून त्यांना मुंबईला नेलं, पण उपयोग झाला नाही. दगड कोणाचा, हे माझ्याशिवाय कोणाला कळलं नाही. त्याच संध्याकाळी आमच्या वाडीतल्या दोन घरांच्या पेंढ्याच्या उडव्या, म्हणजे रचून ठेवलेल्या गंजी, जळाल्या. त्या कोणी पेटवल्या, तेही कळलं नाही. पोलिसांनी दोन्हीकडची माणसं धरली, दोन्हीकडून केसेस झाल्या. दंगलीच्या आरोपींत माझंही नाव होतं, पण डोळ्याबद्दल मला कोणी विचारलं नाही.

मग बोलणं तुटलं. पिठाची चक्की मोहल्ल्यात होती, म्हणून आमच्या बायका डोक्यावर दळण घेऊन पालीला जाऊ लागल्या. मोहल्ल्यातल्या लोकांची शेतं आमचीच माणसं जोत धरून नांगरायची, ती पड राहिली. शाळा एकच, गुरुजीही एकच. मुलं दोन्हीकडची, पण आता भिंतीच्या दोन बाजूंना बसायची. मोहल्ल्यात कोणी वारलं तरी आमच्यातलं कोणी गेलं नाही. माझी आई एकदा निघाली होती, तिला वाडीतल्यांनी परत फिरवलं.

रत्नागिरीला तारखेला मात्र दोघांनाही जावं लागायचं, आणि सकाळची एसटी एकच. ते डावीकडे बसायचे, आम्ही उजवीकडे. मास्तर साक्षीदार म्हणून प्रत्येक तारखेला येत आणि काळा चष्मा लावून पुढच्या बाकावर बसत. मी मागे बसे, तिथून त्यांची मान दिसायची. कोर्टात दिवसभर व्हरांड्यात उभं राहायचं, दुपारी पुढची तारीख मिळायची, संध्याकाळी परत. असं दीड वर्ष चाललं. एवढ्या तारखांत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

एका तारखेला परतीची गाडी पालीच्या पुढे जाणार नाही, असं कंडक्टर म्हणाला. सगळे उतरलो आणि डोंगरावरच्या पाखाडीने गावाकडे निघालो. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, जवळची पण उतरणीची. मास्तर काठी टेकून पहिल्याच पायरीवर थांबले. एका डोळ्याने पायरीची खोली कळत नाही, मी रस्त्याने येतो, म्हणाले. त्यांच्या माणसांना घाई होती. त्यांनीच सगळ्यांना पुढे घालवलं. मी थोडा पुढे जाऊन परत फिरलो.

मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. रस्त्याने चालताना मी त्यांच्या उजव्या बाजूला राहिलो, कारण त्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं. निम्मी वाट सरली. मग मी म्हटलं, "मास्तर, तो दगड माझा होता."

ते चालत राहिले. चालता चालताच त्यांनी विचारलं, माझ्यावर मारलास का? मी म्हटलं, नाही, गर्दीवर मारला. मग विचारलं, आणखी कोणाला सांगितलंस? मी म्हटलं, कोणालाच नाही. तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "तू पुढे जा. आज माझ्याबरोबर चालू नको."

मी पुढे झालो, पण हाकेच्या अंतरावर राहिलो. गावाच्या वेशीपर्यंत त्यांची काठी मागून ऐकू येत होती.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी पोलीस येतील. पोलीस आले नाहीत. आठ दिवसांनी मास्तर स्वतः आमच्या घरी आले. मारामारीनंतर मोहल्ल्यातलं माणूस आमच्या अंगणात पहिल्यांदाच आलं होतं. आई पाणी घेऊन बाहेर आली. ते पाणी प्यायले आणि बाबांसमोर मला म्हणाले, "कोर्टात सांगू नको. तू तुरुंगात गेलास तर माझा डोळा येत नाय. पण सगळ्यांसमोर सांग. माझ्या पोरांना वाटतं, अख्ख्या वाडीने माझा डोळा फोडला. एकाने फोडला हे त्यांना कळू दे, म्हणजे बाकीच्यांशी बोलता येईल."

बाबांना तेव्हाच कळलं. ते ओट्यावर बसून राहिले. मास्तर गेल्यावर एवढंच म्हणाले, मी तुझ्याबरोबर येतो.

गुरुजींनी शाळेत बैठक बोलावली. आमच्याकडचे गावकर म्हणजे वाडीचे मानकरी, त्यांच्याकडचे मशिदीच्या जमातीचे म्हातारे, आणि मागे दाराशी बायका. मी उभा राहून सांगितलं. माझा आवाज इतका बारीक झाला की कोणीतरी पुन्हा बोलायला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. मास्तरांचा मोठा मुलगा ताडकन उठला. मला वाटलं, मारणार. तो बाहेर निघून गेला. आमच्याच वाडीतला एकजण म्हणाला, याने आम्हाला खाली पाहायला लावलं. बाबा म्हणाले, खाली पाहण्यासारखंच केलंय त्याने.

 मग जमातीतले एक म्हातारे उठले. उडव्या त्यांच्या पुतण्याने पेटवल्या होत्या. तो आखातात परत गेला होता, पण त्यांनी त्याला पेटवताना पाहिलं होतं. त्यांनी हे सांगितल्यावर उडवी जळालेल्या घरचा माणूस म्हणाला, मग तुम्ही दोन वर्षं गप्प का राहिलात? म्हातारे म्हणाले, तो आमचा होता म्हणून.  आम्ही सगळेच आपापल्या माणसांसाठी गप्प राहिलो होतो.

त्या दिवशी कोणी कोणाला मिठी मारली नाही. पण दुसऱ्या आठवड्यात दोन बायका दळण घेऊन मोहल्ल्यातल्या चक्कीवर गेल्या. मग चार गेल्या. पावसाळ्यात पड शेतांत पुन्हा जोत चाललं. कोर्टात दोन्हीकडच्या साक्षीदारांनी आरोपींना ओळखलं नाही म्हणून सांगितलं आणि केसेस मिटल्या. मास्तरांना न्यायाधीश साहेबांनी विचारलं, दगड कोणी मारला ते पाहिलंत का? ते म्हणाले, पाहिलं नाही. ते खरंच होतं. त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

पुढच्या शिमग्यात पालखी मशिदीच्या कोपऱ्यावर थांबली, ढोलही थांबले. नारळ आला. मी पालखीला खांदा दिला नाही, लांब उभा राहिलो.

मास्तरांची थोडी भातशेती होती. त्या वर्षापासून तिची लावणी मी करू लागलो. त्यांनी कर म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. पहिल्या वर्षी बांधावर आले, पाहून गेले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या घरून चहा आला. तिसऱ्या वर्षी ते बांधावर बसले आणि रोपं दाट लावतोस म्हणून मला रागावले. मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

त्यांचा मोठा मुलगा पुढे कुवेतला गेला. सुट्टीवर आला की बाबांशी बोलायचा, आईला साबण आणि अत्तर द्यायचा. माझ्याशी तो आजवर बोललेला नाही. रस्त्यात समोर आला की मी बाजूला होतो आणि तो पुढे जातो.